मार्थेची बाजू

मैत्रिणींनो, आज तुमची एका बाईशी ओळख करून द्यायची आहे. तिचं नाव मार्था. तुमच्यापैकी ज्या ख्रिस्ती घरांतल्या आहेत त्या तिला ओळखतात. बाकीच्यांनी कदाचित तिचं नावही ऐकलं नसेल. पण तिची गोष्ट सांगायला घेतली की दोन वाक्यांतच तुम्ही म्हणाल, ‘अगंबाई, ही तर आपल्यातलीच!’ आणि तिची आठवण काढायची तर उन्हाळ्यासारखा दुसरा मोसम नाही. घरात नणंदा-भाचरं आलेली, गच्चीवर वाळवण पडलेलं, माठ भरावा तो रिकामा, मुलांना दर तासाला भूक, आणि या सगळ्याच्या मधोमध पदर खोचून उभी असलेली एक बाई. तीच मार्था!

गोष्ट अगदी लहान आहे. बायबलमध्ये लूकच्या शुभवर्तमानात, दहाव्या अध्यायाच्या शेवटी, अवघ्या पाच वचनांत ती आटोपते. येशू प्रवासात असताना एका गावी येतो. मार्था त्याला आपल्या घरी उतरवून घेते. तिची बहीण मरीया पाहुण्याच्या पायांशी बसून त्याचं बोलणं ऐकत राहते. मार्थेची मात्र कामाने तारांबळ. शेवटी तिला राहवत नाही. ती सरळ पाहुण्याकडेच गाऱ्हाणं घेऊन जाते, की बहिणीने सगळं माझ्या एकटीवर टाकलंय, याचं तुम्हांला काहीच कसं वाटत नाही? तिला सांगा ना जरा हात लावायला! त्यावर येशू तिला दोनदा नावाने हाक मारतो. तू फार गोष्टींची काळजी वाहतेस, गरज एकाच गोष्टीची आहे, असं म्हणतो, आणि मरीयेने निवडलेला चांगला वाटा तिच्याकडून कुणी काढून घेणार नाही असंही सांगतो.

झालं! तेव्हापासून जवळजवळ दोन हजार वर्षं मार्था बिचारी बोलणी खात आली आहे.

आम्ही नगरचे. आता शहराचं नाव अहिल्यानगर झालं, पण माझ्या तोंडी अजून नगरच येतं. इथे १८३१ साली अमेरिकन मराठी मिशनचं काम सुरू झालं. तेव्हापासून इथल्या मंडळ्यांत (मंडळी म्हणजे आमच्याकडे चर्चचे सभासद, जेवायला बसणारी मंडळी ती वेगळी, जरी पुष्कळदा तीच असली तरी!) मार्थेवर किती उपदेश झाले असतील त्याची गणती नाही. मी स्वतःच लहानपणापासून दहा-बारा ऐकले असतील. सगळ्यांचा सूर एकच: भगिनींनो, मार्था होऊ नका, मरीया व्हा. आणि गंमत पाहा, उपासना संपली की त्याच भगिनींनी मागच्या दाराने जाऊन शंभर माणसांचा चहा गाळायचा असतो. त्या वेळी कुणी मरीया होऊन बाकावरच बसून राहिली, तर पुढच्या रविवारपर्यंत तिच्याबद्दल काय काय बोललं जाईल, ते मी सांगायला नको.

तेव्हा आज मी मार्थेची बाजू घेणार आहे. वकीलपत्र म्हणा हवं तर.

तुम्ही ती गोष्ट पुन्हा एकदा नीट वाचा. येशूने तिच्या कामाला कुठेही नावं ठेवलेली नाहीत. त्याने बोट ठेवलं ते तिच्या काळजीवर, जिवाच्या ओढाताणीवर. आणि मार्थेचं गाऱ्हाणं तरी काय आहे? काम फार पडलं, असं ती म्हणत नाही. मी एकटी पडले, असं म्हणते. या दोन गोष्टींत केवढा फरक आहे हे स्वयंपाकघरात उभं राहिलेल्या बाईला कळतं, व्यासपीठावर उभं राहणाऱ्याला कळेलच असं नाही.

कुरडयांचंच घ्या ना. गहू तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं. चौथ्या दिवशी ते वाटायचे, चीक गाळून काढायचा आणि रात्रभर तसाच झाकून ठेवायचा. सकाळी वर आलेलं पिवळट पाणी हलक्या हाताने ओतून टाकायचं. मग जेवढा चीक तेवढंच पाणी पातेल्यात उकळत ठेवायचं, त्यात मीठ, हिंग. इथपर्यंत एकटीने जमतं. पण उकळत्या पाण्यात चीक ओतायची वेळ आली की दुसरा माणूस हवाच. एकीने धार धरायची, दुसरीने हाटत राहायचं. धार थांबली किंवा हात थांबला की गुठळी झालीच म्हणून समजा, आणि ती गुठळी मग सोऱ्यात अडकते. (चिकाचं पातेलं खाली उतरवल्यावर ते कोरडं पडू देऊ नका, ओलं फडकं घालून ठेवा आणि गरम असतानाच कुरडया घाला. नव्या मुलींना हे सांगावं लागतं.) आमच्या घरी धार मी धरते आणि हाटायला हे उभे राहतात. पहाटे पाचला, लुंगीवर, डोळे चोळत! पहिल्या वर्षी शेजारच्या गच्चीवरून थोडी फिसफिस झाली. आता त्या गच्चीवरही एक लुंगी दिसते.

पहाटेच्या त्या अर्ध्या तासात ह्यांच्याशी जितकं बोलणं होतं तितकं एरवी आठवड्यात होत नाही. कामाचा भार काही कमी झालेला नसतो, तेवढाच असतो. पण मार्थेचं गाऱ्हाणं मात्र उरत नाही.

आमच्या महिला मंडळात एकदा धर्मशास्त्र शिकवणाऱ्या एक बाई आल्या होत्या. त्यांनी सांगितलेली एक गोष्ट तेव्हापासून माझ्या मनात घर करून बसली आहे. मार्थेच्या कामाला लूकने मूळ ग्रीकमध्ये ‘डायकोनिया’ असा शब्द वापरला आहे. डायकोनिया म्हणजे सेवा. चर्चमधलं ‘डीकन’ हे पद त्याच घराण्यातलं. याच लूकने पुढे ‘प्रेषितांची कृत्ये’ हे पुस्तक लिहिलं. त्याच्या सहाव्या अध्यायात, विधवांना रोजचं अन्न वाटताना दुजाभाव होतो अशी तक्रार आली, तेव्हा प्रेषित म्हणाले की आम्ही वचनाची सेवा सोडून पंक्तीची सेवा करणं बरं नाही. मग पंक्तीच्या कामासाठी माणसं निवडली. किती? सात. आणि मैत्रिणींनो, सातही पुरुष! मजा म्हणजे तिथे अन्नवाटपाला जो शब्द आहे तोच वचनाच्या सेवेलाही आहे. डायकोनियाच. म्हणजे व्यासपीठावरचं काम आणि पंक्तीतलं काम, दोन्हींना लूकने एकच नाव दिलं. हे मी आमच्या घरी जेवताना सांगितलं, तर हे काही न बोलता उठले आणि वरणाचं पातेलं घेऊन आले.

आता मार्था पुढे कुठे भेटते ते पाहा, कारण उपदेशांत तिची कथा लूकपाशीच थांबते. योहानाच्या शुभवर्तमानात, अकराव्या अध्यायात, तिचा भाऊ लाजर वारलेला असतो. घर बेथानीला, यरुशलेमपासून तासाभराच्या पायी वाटेवर. घरात समाचाराला आलेल्यांची गर्दी. येशू उशिरा येतो. भावाला थडग्यात ठेवून चार दिवस झालेले. तो येतोय हे कळताच उठून बाहेर कोण जातं? मार्था. मरीया घरातच बसून राहते. मार्था वाटेवर त्याला गाठते, तुम्ही असता तर माझा भाऊ गेला नसता असं तोंडावर बोलते, आणि त्याच बोलण्यात पुढे, तूच ख्रिस्त, देवाचा पुत्र, अशी आपल्या विश्वासाची कबुलीही देते. हीच कबुली मत्तयाच्या शुभवर्तमानात पेत्राच्या तोंडी आहे. पेत्राच्या त्या कबुलीवर ग्रंथच्या ग्रंथ लिहिले गेले. मार्थेच्या कबुलीवर उपदेश ऐकल्याचं मला तरी आठवत नाही.

आणि इतकी मोठी कबुली देऊनही ती मार्थाच राहते बरं का! थडग्यावरची धोंड काढा असं येशू म्हणतो, तेव्हा आता दुर्गंधी येत असेल हे सांगणारी तीच. चार दिवस म्हणजे काय याचा हिशेब घर चालवणाऱ्या बाईच्याच डोक्यात असतो. पुढच्या अध्यायात वल्हांडण सणाच्या सहा दिवस आधी, म्हणजे आपल्याकडे ऊन तापायला लागतं त्या सुमाराला, बेथानीतच येशूसाठी जेवण होतं. तिथे मार्था पुन्हा वाढते आहे. या खेपेला गाऱ्हाणं नाही, आणि कुणी तिला उपदेशही करत नाही.

पण मार्थेच्या बाजूचा सगळ्यांत मोठा साक्षीदार तर शेवटच्या, एकविसाव्या अध्यायात आहे. पुनरुत्थानानंतरची गोष्ट. शिष्य रात्रभर सरोवरात जाळी टाकून थकलेले. उजाडताना किनाऱ्यावर येतात तर काय, कोळशाचा विस्तव पेटवलेला, त्यावर मासळी, शेजारी भाकर. येशूने स्वतः न्याहारी तयार ठेवलेली! मरणावर जय मिळवून आलेल्याने पहाटे उठून चूल पेटवावी, हे मला तरी कुठल्याही चमत्कारापेक्षा मोठं वाटतं. मे महिन्यात चार वाजता उठून मी गॅस पेटवते तेव्हा तो किनारा कधीकधी डोळ्यांपुढे येतो. रोज येतो असं म्हणणार नाही. रोज येतं ते दूधवाल्याचं तोंड.

उन्हाळ्यातली आणखी एक बाई सांगते आणि पुढे जाते. योहानाच्या चौथ्या अध्यायातली शोमरोनी स्त्री. ती भर दुपारी बाराला विहिरीवर पाणी भरायला येते. सकाळ-संध्याकाळच्या बायकांच्या घोळक्यात तिला जायचं नसावं, असं पुष्कळ अभ्यासक म्हणतात. तिथे येशू तिच्याजवळ पाणी मागतो, दोघांचं बोलणं होतं, आणि ती गावाकडे धावत सुटते. जाताना घागर तिथेच टाकून! हे वाक्य मी शब्बाथ शाळेत शिकले तेव्हा त्यात काही विशेष वाटलं नव्हतं. पण आमच्या जिल्ह्यात टँकरपुढे लावलेली हंड्यांची रांग ज्यांनी पाहिली आहे त्यांनी विचार करावा: पाण्यासाठी एवढ्या उन्हात आलेली बाई आपला हंडा सोडून जाते ती कधी?

आमच्या नगरच्याच मातीतली एक मार्था तुमच्या सगळ्यांच्या ओळखीची आहे. लक्ष्मीबाई टिळक. त्यांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत निघाली. ज्यांनी वाचली नसतील त्यांनी या सुट्टीत दुपारी जरूर वाचावीत. हसून हसून पुरेवाट होते, आणि मध्येच घशाशी आवंढा येतो. वडिलांचं सोवळं इतकं कडक की घरात येणारी चीज धुतल्याशिवाय चालायची नाही. लग्न झालं ते रेव्हरंड नारायण वामन टिळकांशी, म्हणजे पुढे रेव्हरंड झालेल्या टिळकांशी! त्यांचा हात सदा सढळ, घरात उद्याला काही आहे की नाही याची फिकीर नाही. १८९५ साली टिळक ख्रिस्ती झाले, तेव्हा काही वर्षं दोघं वेगळी राहिली. पुन्हा एकत्र आल्यावरही लक्ष्मीबाईंनी आपलं सोवळं सोडलेलं नव्हतं. पाणी वेगळं, चूल वेगळी.

त्यांचं मन कशाने पालटलं? टिळकांसारखा वक्ता आणि कवी घरात, पण उपदेशाने नव्हे. पाणी कुणाच्या हातचं प्यायचं आणि अन्न कुणाच्या हातचं खायचं, या रोजच्या प्रश्नावर त्या आपल्याशीच विचार करत राहिल्या. जाती देवाने केल्या की माणसाने, याचा आपल्या बुद्धीने छडा लावला, आणि मग ठरवलं की आजपासून भेद नाही. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. स्वयंपाकघरातून जाणारी अशीही एक वाट आहे, आणि ती लांबची असली तरी आडवाट नाही. टिळकांचं ‘ख्रिस्तायन’ १९१९ साली त्यांच्या निधनाने अपुरं राहिलं. शाळेचं तोंड न पाहिलेल्या या बाईने ते पुरं केलं.

आता सिनेमा. माझ्या पिढीच्या ख्रिस्ती मुलामुलींना सिनेमा म्हटला की आधी आठवतो तो ‘दयासागर’. १९७८ च्या ‘करुणामयुडु’ या तेलुगू चित्रपटाची ती हिंदी आवृत्ती. गावोगावी चर्चच्या आवारात पांढरा पडदा बांधून तो दाखवत. आम्ही तो तीनदा पाहिला आणि तिन्ही वेळा वधस्तंभापाशी रडलो. पण मला ज्या सिनेमाने विचारात पाडलं त्यात ख्रिस्त कुठेच दिसत नाही. दिसतं ते एक स्वयंपाकघर.

त्या सिनेमाचं नाव ‘बाबेट्स फीस्ट’, म्हणजे बाबेटची मेजवानी. १९८७ सालचा डॅनिश चित्रपट, दिग्दर्शक गाब्रिएल आक्सेल. पुढच्या वर्षी त्याला परभाषी चित्रपटाचं ऑस्कर मिळालं. मूळ कथा कॅरन ब्लिक्सन या लेखिकेची, आणि ती १९५० साली पहिल्यांदा छापली गेली ती ‘लेडीज होम जर्नल’ या अमेरिकेतल्या बायकांच्या मासिकात. (आपल्या मासिकांना नाकं मुरडणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं!) मुलाने मला तो लॅपटॉपवर लावून दिला. डेन्मार्कच्या समुद्रकाठचं एक थंडगार खेडं. तिथे एका दिवंगत पाळकाच्या दोन प्रौढ, अविवाहित मुली राहतात. वडिलांच्या पश्चात त्यांच्या छोट्याशा मंडळीची प्रार्थना त्या चालवतात. पॅरिसमधल्या १८७१ च्या रक्तपातातून जीव वाचवून आलेली बाबेट त्यांच्याकडे स्वयंपाकाला राहते. चौदा वर्षं ती त्यांना सुकी मासळी आणि पावाचं सूप करून घालते. कुणी विचारत नाही की बाई, तू आधी काय करत होतीस?

मग तिला लॉटरी लागते. दहा हजार फ्रँक. पाळकाच्या जन्मशताब्दीचं जेवण मी करते, म्हणून ती परवानगी मागते. मंडळीतली म्हातारी माणसं तोवर आपापसांत जुनी उणीदुणी काढून भांडायला लागलेली असतात. त्यातून हे परदेशी, ऐषआरामी जेवण म्हणजे पाप तर नव्हे, या भीतीने ती ठरवतात की जेवायचं, पण चवीबद्दल अवाक्षर काढायचं नाही. आणि तरी, घासागणिक त्यांचे चेहरे निवळत जातात. ज्यांनी एकमेकांना फसवलं ती हसून कबूल करतात, जुनी वैरं विरघळतात. बाबेट मात्र पंक्तीला येतच नाही. शेवटी कळतं की ती पॅरिसच्या एका नामांकित हॉटेलची मुख्य आचारी होती, आणि सगळेच्या सगळे दहा हजार फ्रँक तिने या एका जेवणावर खर्च केले. पोप फ्रान्सिस यांनी २०१६ साली कुटुंबजीवनावर जे पत्र लिहिलं, त्यात या सिनेमाचा दाखला दिला आहे.

सिनेमा संपला तेव्हा मी मुलाला म्हटलं, ‘अरे, हे तर आपल्या घरी झालंय!’

झालं होतं ते असं. सासऱ्यांच्या पश्चात घराच्या वाटणीवरून हे आणि थोरले दीर सहा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. एकाच गावात घरं, एकाच चर्चमध्ये हजेरी. प्रभुभोजनाच्या रविवारी दोघं एकाच भाकरीचा तुकडा घेत आणि दोन वेगळ्या दारांनी बाहेर पडत. पाळकसाहेब समजावून थकले होते. क्षमेवरच्या वचनांची कुणालाच कमी नव्हती. दोघांनाही ती तोंडपाठ होती, आणि दुसऱ्याने ती पाळावीत असं दोघांचंही म्हणणं होतं.

२०१७ च्या मे महिन्यात सासूबाईंना ८० पूर्ण झाली. काय हवं विचारलं, तर म्हणाल्या, ‘दोघं एका ताटाशेजारी बसलेली दिसू देत.’ माझी भिशी त्याच महिन्यात लागली होती. बारा हजार रुपये. नव्या शेगडीसाठी ठेवायचे होते, ते मोडले. जाऊबाईंना फोन केला, म्हटलं, आईंसाठी या, बाकी काही बोलायचं नाही. मटणाचा रस्सा केला तो सासूबाईंच्या काळ्या मसाल्यातला, ज्वारीच्या भाकऱ्या, भात, शेवयांची खीर, आणि ताटभर तळलेल्या कुरडया. पाळकसाहेब प्रार्थनेला उभे राहिले तर सासूबाई म्हणाल्या, ‘थोडक्यात करा हो, रस्सा निवतोय.’

पहिली दहा मिनिटं भाकरी मोडल्याचा तेवढा आवाज. कुणी कुणाकडे बघेना. मग थोरल्या दिरांनी कुरडई उचलली, रश्श्यात चुरली, एक घास घेतला, आणि ताटाकडे बघतच म्हणाले, ‘गच्चीवरच्या ओल्या कुरडया कोण चोरायचं, आई?’ सासूबाई काही बोलायच्या आतच हे म्हणाले, ‘चोरायचा तू. मार मला पडायचा.’

सहा वर्षांतलं ते पहिलं बोलणं. जाऊबाई आणि मी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होतो. त्यांच्या हातात भाकऱ्यांची टोपली होती ती मी धरली, कारण त्यांचा हात थरथरत होता.

वाटणी काही त्या रात्री झाली नाही. कागदावर यायला पुढे दोन वर्षं गेली, वकिलाची फीही गेली, आणि मधूनमधून आवाज चढलेही. पण मागच्या दाराचा वापर बंद झाला. सासूबाई २०२० साली गेल्या तेव्हा खांदा द्यायला दोघं शेजारी शेजारी होते.

आता माझी सून यावर काय म्हणते ते सांगते, कारण तुमच्यातल्या तरुण मुलीही तेच म्हणणार. ती बँकेत आहे. म्हणाली, ‘आई, तुम्ही मार्थेची बाजू घेता, म्हणजे आम्हीही जन्मभर चिकाच्या पातेल्यापाशीच उभं राहायचं का?’

प्रश्न खोटा नाही. बायकांच्या सेवेचं गुणगान करून करून त्यांना चुलीपाशी डांबणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांनाही मार्था सोयीची वाटते. म्हणून मी तिला म्हटलं, लूकचं पहिलं वाक्य बघ. येशूला घरी बोलावलं ते मार्थेने. घर तिचं, आमंत्रण तिचं. तिला कुणी जुंपलं नव्हतं. बाबेटलाही कुणी सांगितलं नव्हतं. पैसा तिचा, मर्जी तिची, आणि कला तिची. ज्या घरात बाईला नाही म्हणायची सोय नाही त्या घरात सेवा हा शब्द वापरूच नये, वेठबिगार म्हणावं. शिवाय गुरूच्या पायांशी बसणं ही त्या काळी शिष्याची जागा, आणि ती पुरुषांची. तिथे मरीया बसली, आणि तिची जागा कुणी काढून घेणार नाही असा निर्वाळा येशूने दिला. तो निर्वाळा मला मार्थेइतकाच प्यारा आहे. आणि दोन्ही करणाऱ्याही झाल्याच की. केडगावच्या मुक्ती सदनात पंडिता रमाबाईंनी दुष्काळातल्या शेकडो अनाथ मुली-बायकांच्या पोटापाण्याचा भार वाहिला, आणि १९२२ साली देह ठेवण्यापूर्वी मूळ हिब्रू-ग्रीकवरून सबंध बायबलचं मराठी भाषांतरही पुरं केलं. ते बायबल छापण्याचं कामही मुक्तीतल्या बायकांनीच केलं.

सुनेला हे पटलं असावं. निदान यंदाच्या कुरडयांच्या वेळी ती आणि मुलगा दोघंही पहाटे उठून आले. जाऊबाई तर दर वर्षी येतातच. हाटता हाटता सुनेने विचारलं, ‘पण आई, येशूचं बोलणं संपल्यावर मरीया उठली का हो मदतीला?’

मी म्हटलं, लूकने लिहिलेलं नाही.

‘उठली असणार,’ सून म्हणाली. ‘बहीणच ना शेवटी.’

‘काही उठली नसेल,’ जाऊबाई म्हणाल्या. ‘माझी धाकटी बहीण तुला माहीत नाही.’

त्यांचा वाद रंगला, सुनेचा हात थांबला, आणि मला ओरडावं लागलं, ‘अगं हाट, हाट, गुठळी होईल!’